पिकअप खाली आणताना उंचीच्या आधी ट्रॅव्हल मोजा

रिकाम्या पिकअपकडे बाजूने पाहिलं की ती नाकावर झुकलेली दिसते. मागचं मडगार्ड पुढच्यापेक्षा साधारण दोन इंच वर असतं. हा दोष नव्हे. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबणार आणि गाडी सरळ होणार, हे धरूनच कंपनी तिला तशी उभी करते. ज्याच्या हौद्यात वर्षातून चार वेळा फर्निचर आणि दोन वेळा बागेची माती येते, त्याला मात्र ही झुकलेली गाडी रोज बघावी लागते. म्हणून लोक ती लेव्हल करतात, आणि बरेच जण त्याच हाताला खालीही आणतात.

ही पोस्ट शेवरले सी-१५०० वर आहे. १९८८ ते १९९८ मधली अर्ध्या टनाची, टू-व्हील ड्राइव्ह पिकअप. अमेरिकेत ती अजून बऱ्याच ठिकाणी विकत मिळते, सुटे भाग मुबलक आहेत, आणि घरच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार-रविवारांत काम होतं. पुढे दोन आर्म आणि मधे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे आणि एकसंध अ‍ॅक्सल. ही रचना एकदा समजली की नंतरच्या सिल्व्हराडोपासून इतर टू-व्हील ड्राइव्ह पिकअपपर्यंत सगळीकडे उपयोगी पडते.

किटवर २/४, ४/६ असे आकडे असतात. पहिला आकडा पुढची बाजू किती इंच खाली येणार, दुसरा मागची. दोन्हींत दोन इंचांचा फरक असतो तो याच झुकावासाठी. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच जास्त उतरली की गाडी सरळ. पण तुमच्या गाडीचा झुकाव नेमका दोनच इंच आहे असं गृहीत धरू नका. इतक्या जुन्या गाडीत मागचे पाटे बसलेले असतात, मग २/४ लावल्यावर गाडी मागे बसलेली दिसते. माल नसताना मागे बसलेल्या पिकअपसारखं वाईट काही दिसत नाही, आणि थोडा जरी माल टाकला तरी नाक आभाळाकडे जातं. मागे अर्धा इंच वर राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मोजमाप मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत घेऊ नका. टायरमधली हवा, झिजलेला टायर, गॅरेजच्या लादीचा दाराकडे जाणारा उतार, हे सगळं त्या आकड्यात येतं. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा, चारही चाकांवर. पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा, कारण या गाडीत ती डाव्या बाजूला चासीच्या आत असते आणि आखूड हौद्याच्या गाडीत तिच्यात २५ गॅलन मावतात, म्हणजे दीडशे पाउंड एका बाजूला. मोजण्याआधी गाडी दहा-वीस फूट पुढेमागे करून चारही कोपरे हाताने दाबून सोडा, नाहीतर जॅकवरून उतरवलेली गाडी पाऊण इंच वर अडकून राहते आणि सगळे आकडे खोटे येतात.

आता मुख्य मुद्दा. खड्ड्यात चाक वर जायला किती जागा आहे (यालाच ट्रॅव्हल म्हणतात), म्हणजे बम्प स्टॉपचं, चाकाला शेवटी अडवणारं रबर आणि ते जिथे टेकतं ते लोखंड यांतलं अंतर, हे मोजून वहीत लिहा. खाली आणलेली गाडी 'कडक झाली' अशी तक्रार जवळपास नेहमी स्प्रिंगची नसते. चाक प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटत असतं. मागे अ‍ॅक्सल आणि चासी यांत साडेपाच इंच जागा असेल आणि तुम्ही अ‍ॅक्सल सहा इंच वर नेलीत, तर गाडी उभीच राहणार नाही, ती चासीवर बसेल. साधं वजाबाकीचं गणित आहे, पण किटची पेटी उघडायच्या घाईत ते राहून जातं. रिकाम्या गाडीत पुढे दीड इंच आणि मागे दोन इंच, एवढी मोकळी जागा तरी उरलीच पाहिजे. त्याहून कमी उरत असेल तर एकतर कमी उतरवा, नाहीतर चासी कापायची तयारी ठेवा.

पुढची बाजू: स्पिंडल आधी, स्प्रिंग नंतर

पुढे दोन इंचांसाठी ड्रॉप स्पिंडल घ्या. त्यात चाकाची दांडी दोन बॉल जॉइंटच्या मानाने दोन इंच वर सरकवलेली असते. आर्म, स्प्रिंग, शॉकअप, बम्प स्टॉप सगळे होते त्याच जागी राहतात. म्हणून ट्रॅव्हल एक मिलिमीटरही कमी होत नाही आणि चाल मूळ गाडीसारखीच राहते. आखूड स्प्रिंग स्वस्त पडते, पण तिने आर्मचा कोन बदलतो, चाक वरून आत झुकतं, शॉकअपचा दांडा आत दबून राहतो आणि बम्प स्टॉपचं रबर अर्धं कापावं लागतं. दोनच इंच हवे असतील तर स्पिंडल सोडून दुसरं काही घ्यायचं कारण मला दिसत नाही. चार इंच हवे असतील तर स्पिंडलचे दोन आणि स्प्रिंगचे दोन.

मागवण्याआधी ब्रेक डिस्कची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. या गाड्यांत एक इंच आणि सव्वा इंच अशा दोन जाडीच्या डिस्क आल्या, आणि स्पिंडल त्याप्रमाणे वेगळे असतात. चुकीचा आला तर ब्रेक कॅलिपर डिस्कवर बसत नाही, आणि ते कळतं तेव्हा गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) असते. दुसरं, ड्रॉप स्पिंडलमुळे खालचा बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचा टोकाचा जॉइंट रिमच्या आतल्या कडेच्या जवळ येतात. १५ इंची रिम असेल तर चाक बसवून हाताने पूर्ण फिरवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पुन्हा फिरवा. रिमला चिकटवलेलं बॅलन्सिंगचं शिसं घासतंय का, तेही तेव्हाच बघा.

घोड्या चासीखाली, खालच्या आर्मच्या मागे लावा. आर्मखाली घोडी लावून काम करू नका, आर्म तर सुटायचाच आहे. जॅक मात्र खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ, आर्म किंचित उचलला जाईल इतका दाबून ठेवा. त्या कॉइलमध्ये गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन दाबून भरलेलं आहे आणि त्याला धरून ठेवणारं आता फक्त ते जॅक आहे. एक साखळी स्प्रिंगच्या वेढ्यातून आणि चासीतून ओवून बांधा. साखळी कधी कामाला येऊ नये, पण तिच्याशिवाय हे काम करू नये.

ब्रेक कॅलिपर सोडून तारेने वरच्या आर्मला टांगा, त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. डिस्क आणि हब एकाच ओतकामात आहेत, बेअरिंगसकट बाहेर येतात. चार चाकांचं एबीएस असेल तर सेन्सरची वायर आर्मवरच्या पकडींतून मोकळी करा. स्टिअरिंगचा टोकाचा जॉइंट काढा. मग दोन्ही बॉल जॉइंटच्या कॉटर पिना काढून नट चार-पाच आटे सैल करा, पूर्ण काढू नका. इथे बरेच जण काट्यासारखी पाचर घालून जॉइंट उचकटतात आणि रबरी टोपी फाडतात. त्यापेक्षा बॉल जॉइंटची दांडी ज्या जाड कानातून गेली आहे त्या कानाच्या बाजूवर दोन पाउंडी हातोडीने जोरात, आडवा फटका मारा. एक, दोन, तीन. स्पिंडल जुनाच आहे, तो फेकायचा आहे, त्यामुळे दया करू नका. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला आवाज बदलतो, टणत्काराऐवजी एक बोदा ठप्प येतो आणि जॉइंट नटवर सुटून बसतो. म्हणूनच नट आट्यांवर ठेवायचा.

नुसता स्पिंडल बदलायचा असेल तर स्प्रिंग काढायची गरज नाही. जॅक तसाच ठेवून जुना काढा, नवा घाला, आधी खालचा नट, मग वरचा. घट्ट करताना कॉटर पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढे घट्ट करून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. घट्ट करायचे आकडे तुमच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

बेअरिंगमध्ये नवं ग्रीस, नवं सील. मधला नट चाक फिरवत १२ फूट-पाउंडांनी दाबा, मग पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी टेकवा आणि पिन घाला. भोक जुळेना तर नट थोडा सैल करा. बॉल जॉइंटच्या बरोबर उलटं. एंड-प्ले ०.००१ ते ०.००५ इंच असावा, म्हणजे हब हाताने ओढलं तर जाणवेल न जाणवेल इतका. घट्ट केलेलं टेपर बेअरिंग वीस मैलांत तापतं आणि हायवेवर जळतं.

स्प्रिंगही बदलणार असाल तर शॉकअप आधी काढा, कारण तो स्प्रिंगच्या आतूनच जातो. मग आतून बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर घालून, जॅक हळूहळू खाली घेत स्प्रिंग मोकळी करा. नवी घालताना तिचं शेपूट खालच्या आर्मच्या वाटीत कुठे येतं ते बघा. वाटीला दोन भोकं आहेत. शेपटाने एक भोक पूर्ण किंवा थोडं झाकलं पाहिजे आणि दुसरं पूर्ण किंवा थोडं उघडं राहिलं पाहिजे. स्प्रिंग वाटीत फिरलेली बसली तर ती बाजू अर्धा इंच वर-खाली दिसते, आणि माणूस मग महिनाभर पाट्यांना दोष देत बसतो.

मूळ स्प्रिंगचा वेढा कापून गाडी उतरवण्याची पद्धत जुनी आहे. वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग कडक होते, हे एका परीने बरंच, कारण ट्रॅव्हल कमी झालेलं असतं. पण स्प्रिंग आर्मच्या मध्याच्या आसपास बसते, चाक तिच्या पलीकडे टोकाला आहे. म्हणून स्प्रिंग एक इंच आखूड झाली की चाकावर जवळजवळ दोन इंच फरक पडतो. कापायचीच असेल तर अर्धाच वेढा, ग्राइंडरच्या चकतीने, मधेमधे थंड करत. गॅसच्या ज्वाळेने कापलेली किंवा तापवून बसवलेली स्प्रिंग तिथे मऊ पडते आणि पुढे तुटते. असल्या स्प्रिंगवर घरच्या माणसांना बसवू नये.

मागची बाजू: चार इंच

मागे चार इंच शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) आणि हँगर (पुढचं टोक धरणारा चासीवरचा कंस) बदलून मिळतात. आपल्याकडच्या मिस्त्रीला लांब शॅकल म्हटलं की तो म्हणेल, गाडी वर जाईल. त्याचं बरोबर आहे, त्याच्या गाड्यांत शॅकल चासीपासून खाली लोंबतो. या शेवरलेत उलट आहे. चासीवरचा पिव्होट खाली, पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळी) वर, आणि चासी शॅकलला टांगलेली. म्हणून इथे लांब शॅकलने गाडी खाली येते. दुसऱ्या कुठल्याही पिकअपवर हात घालण्याआधी शॅकल उभा आहे की लोंबता, हे खाली वाकून बघा. डोळा जितका सरकतो त्याच्या साधारण निम्मा फरक अ‍ॅक्सलवर पडतो, कारण अ‍ॅक्सल दोन डोळ्यांच्या मधोमध आहे. दोन इंच उतरवायला शॅकलच्या भोकांतलं अंतर सुमारे चार इंचांनी वाढतं ते यामुळे.

उरलेले दोन इंच पुढच्या हँगरचे. नवा हँगर पाट्याचा पुढचा डोळा चासीवर वर चढवतो. दोन्ही टोकं सारखीच सरकली की पाट्याचा कल आणि त्याबरोबर पिनियनचा, म्हणजे मागच्या गिअरात शाफ्टची फिरकी घेणाऱ्या दांड्याचा, कोन जवळपास टिकतो. नुसते शॅकल बदलून भागवलं तर पाटा एका टोकाला झुकतो आणि पिनियनही फिरतो.

मूळ हँगर रिव्हेटने ठोकलेले आहेत. खरा घाम इथेच निघतो. रिव्हेटच्या डोक्यावर ग्राइंडरने फुलीसारखे दोन छेद द्या, चासीच्या पत्र्यापर्यंत, त्यात घुसू न देता. मग छिन्नीने डोक्याचे चार तुकडे उडवा आणि पंचने दांडा आत ठोका. दांडा नुसत्या ठोक्याने हलत नसेल तर मध्यभागी पाव इंचाचं भोक पाडा, लोखंडाला फाकायला जागा मिळाली की तो निघतो. डाव्या बाजूला पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या चासीला लागूनच जातात. ठिणग्या उडवण्याआधी त्या मोकळ्या करून ओल्या गोणपाटाने झाका, बॅटरीची तार काढा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. नव्या हँगरला ग्रेड ८ चे बोल्ट आणि जाड वॉशर. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.

सहा इंच: फ्लिप आणि सी-नॉच

मूळ गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसतात. फ्लिप किटने अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर येते, आणि गाडी साधारण सहा इंच उतरते. पाटे तेच, त्यांची ताकद तीच. मात्र अ‍ॅक्सल आता चासीला भिडते, म्हणून चासीच्या खालच्या कडेला अर्धगोल खाच पाडून तिथे जाड पोलादी कवच बसवावं लागतं. यालाच सी-नॉच म्हणतात. नॉचशिवाय फ्लिप केलेली गाडी बघितली की मला चासीवरच्या त्या ठेचलेल्या खुणाच दिसतात.

फ्लिपमध्ये एक बारीक गोष्ट आहे जी सूचनापत्रात एका ओळीत उरकलेली असते. पाट्यांचा गठ्ठा मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेला असतो आणि त्याचं गोल डोकं अ‍ॅक्सलच्या खुर्चीतल्या (पाटा टेकतो त्या बैठकीतल्या) भोकात बसतं. अ‍ॅक्सल पाट्यावर कुठे बसणार ती जागा त्या डोक्याने ठरते. मूळ रचनेत डोकं खाली असतं. आता खुर्ची वर आली, तर डोकंही वर हवं. म्हणजे बोल्ट उलटा करायचा. तो काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन भक्कम सी-क्लॅम्प घट्ट आवळा. पाटे वेगवेगळ्या कमानीचे असतात आणि बोल्टच्या ताणाने एकमेकांना चिकटलेले असतात. क्लॅम्प न लावता नट काढला तर शेवटच्या आट्यावर गठ्ठा फाकतो आणि बोटं मधे असतील तर बोटं जातात. नवा सेंटर बोल्टच घ्या. दोन डॉलरच्या वस्तूवर अ‍ॅक्सलची जागा अवलंबून आहे.

पाटे आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तोच ताण धरत नाही. चारही नट फुलीच्या क्रमाने, तीन-चार टप्प्यांत घट्ट करा, आणि प्रत्येक टप्प्यात दोन्ही बाजूंचे आटे सारखे बाहेर आलेत का ते बघा.

नॉचसाठी हौदा काढणं सोपं पडतं. बोल्ट, पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचा प्लग, आणि चार माणसं. आधी अ‍ॅक्सलचा मध्य चासीवर ओळंब्याने आखा. पण ही रेघ गाडी पूर्ण वजनावर उभी असताना आखायची. लोंबत्या अ‍ॅक्सलवर आखली तर शॅकलच्या हालचालीमुळे मध्य चुकतो. नॉचचं कवच चासीवर धरून भोकं आखा, दोन भोकं पाडून कवच बोल्टवर बसवा, त्याच्याच कडेने कापायची रेघ मारा, कवच काढा, कापा, कड घासून गुळगुळीत करा, रंग द्या, कवच परत लावून उरलेली सगळी भोकं पाडा. कापाच्या कोपऱ्यात तीक्ष्ण खाच राहू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी. दोन्ही बाजू एकदम कापलेली चासी मधोमध वाकते. कापताना चासीला खाचेच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे घोड्या हव्यात.

नॉच झाल्यावरही मालाचं गणित करा. समजा मागच्या दोन पाट्यांच्या गठ्ठ्यांची ताकद मिळून इंचाला ५०० पाउंड आहे आणि रबरापर्यंत दोन इंच जागा आहे. हजार पाउंड टाकले की उभ्या गाडीतच जागा संपली. पाचशे टाकले तर एक इंच उरतो, तो पहिल्या स्पीडब्रेकरला संपतो. ज्यांना खरोखर माल वाहायचा आहे त्यांनी ४/६ च्या वाटेला जाऊ नये. २/४ वर थांबून मागे हवेच्या मदतीच्या पिशव्या लावाव्यात, माल असेल तेव्हा हवा भरायची.

पिनियनचा कोन

गाडी खाली आणून झाली, आणि ५०-६० मैलांच्या वेगाला बुडाखाली घरघर सुरू झाली, तर बहुतेकदा दोष क्रॉसच्या (शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटच्या) कोनांचा असतो. गिअरबॉक्सचा मागचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे कोन सारखे येतात आणि एकाने केलेली कमी-जास्त गती दुसरा फेडून टाकतो. गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलेला आणि शाफ्ट ५ अंश खाली झुकलेला असेल तर पुढच्या क्रॉसचा कोन २. मग पिनियनचं नाक ३ अंश वर हवं, म्हणजे मागेही २. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे मुरडतात आणि नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश कमी ठेवतात. प्रत्येक क्रॉसचा कोन तीन अंशांच्या आत राहिला तर तो टिकतो.

डिजिटल अँगल मीटर चुंबकाचा मिळतो. गाडी चाकांवर उभी असताना गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडावर, शाफ्टवर आणि पिनियनच्या योकवर लावून तीन आकडे घ्या, खाली आणण्याआधी आणि नंतर. पाच फूट लांबीच्या शाफ्टचं मागचं टोक सहा इंच वर गेलं की त्याचा कल जवळपास पावणेसहा अंशांनी बदलतो. कोन सुधारायला पाटा आणि खुर्ची यांच्यामध्ये दोन किंवा चार अंशांची पाचर घालतात. पोलादी पाचर घ्या. अ‍ॅल्युमिनियमची भाराखाली चिरते, यू-बोल्ट सैल पडतात आणि अ‍ॅक्सल सरकायला लागते. शाफ्ट आडवा झाला की त्याचं पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये आणखी आत ढकललं जातं. अ‍ॅक्सल जॅकने रबरापर्यंत वर उचलून बघा, तरीही पाऊण ते एक इंच आत सरकायला जागा उरली पाहिजे.

मागचे शॉकअपही आखूड लागतील. जुनेच ठेवले तर बम्प स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला लागतो आणि त्याचा कान तुटतो. ब्रेकची मधली नळी, हँडब्रेकच्या केबली आणि एक्झॉस्ट, यांना अ‍ॅक्सल पूर्ण वर असताना हात लावून बघा.

बोल्ट शेवटी आवळा

आर्मचे, शॅकलचे, पाट्यांच्या डोळ्यांचे रबरी बुश असलेले सगळे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते अडकवून ठेवा. चाकं जमिनीवर आली, गाडी दोनदा पुढेमागे झाली, की मग आवळा. हवेत आवळले तर लोंबत्या स्थितीत रबर पकडलं जातं, गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं. गाडी इंचभर वर दिसते, लोक म्हणतात किट खोटं निघालं. सहा महिन्यांत बुश फाटतं.

मग अलाइनमेंट. या गाडीच्या वरच्या आर्मच्या बोल्टांना सरकायला जागा आहे, पण ती कंपनीने पत्र्याच्या छोट्या चकत्यांनी बंद करून ठेवलेली असते. त्या ठोकून काढल्याशिवाय कॅम बोल्ट फिरत नाहीत. अलाइनमेंटच्या दुकानात जाण्याआधी हे घरी करून जा, नाहीतर 'कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बसत नाही' असा शेरा घेऊन परत याल. २/४ किटने मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच जास्त उतरली. ११७.५ इंचांच्या व्हीलबेसवर म्हणजे चासी जवळजवळ एक अंश मागे कलली, आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल, एक अंशाने वाढला. हायवेवर सरळ चालायला ते बरंच आहे, फक्त दोन्ही बाजूंना सारखं हवं.

त्याच एका अंशाने हेडलाइटही वर उचलले जातात. २५ फुटांवरच्या भिंतीवर झोत पाच इंच वर चढतो, दिवा स्वतः दोन इंच खाली आला असला तरी निव्वळ तीन इंच वर. शंभर फुटांवर हा फरक दीड फुटाचा होतो, समोरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत. काम सुरू करण्याआधी भिंतीवर चिकटपट्टीने झोताची वरची कड आखून ठेवा. नंतर दिव्याच्या मध्यापासून ती कड जितकी खाली होती तितकीच पुन्हा ठेवून स्क्रूने बसवा.

कॅलिफोर्नियात कायदा सरळ आहे: चाकं सोडून गाडीचा कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा खाली नको. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्याचा वाचा.

फोर-व्हील ड्राइव्ह आणि भारतातल्या गाड्या

याच शेवरलेच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहेत. तिथे लेव्हल करायचं म्हणजे बहुतेक जण बोल्ट फिरवून पुढचं नाक दोन इंच वर घेतात. टॉर्शन बार पिळल्याने कडक होत नाही, त्याची ताकद तीच राहते. तरी गाडी दणके देते, कारण चाक खाली लोंबायला जागा उरत नाही आणि चाक खाली जाताना वरचा आर्म आपल्या स्टॉपवर आदळतो. पुन्हा ट्रॅव्हलच, फक्त दुसऱ्या दिशेचं. शिवाय पुढची चाकं फिरवणाऱ्या हाफ-शाफ्टचे जॉइंट तिरके होऊन त्यांचे बूट फाटतात. एक इंचावर थांबलेलं चांगलं.

भारतात हायलक्स किंवा व्ही-क्रॉसच्या पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर घालून नाक उचलतात. एक इंचाच्या स्पेसरने चाकावर सुमारे दोन इंच फरक पडतो, ते स्प्रिंग आर्मच्या मधे बसते म्हणूनच. पण कायदा आधी बघा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. वर वर्णन केलेली चासी कापण्याची कामं तिथल्या रस्त्यावरच्या गाडीवर करू नका. तिथे कायदेशीर आणि खरोखर उपयोगी काम एकच: बसलेले पाटे मूळ कमानीवर आणणं किंवा मूळ मापाचे नवे घालणं. एक जास्तीचा पाटा घालून मागची बाजू उचलण्याची सवय सोडावी, रिकाम्या गाडीत मागची चाकं उड्या मारतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाहीत.

ज्या पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत एक छोटी दांडी जाते आणि ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते, तिथे आणखी सावध राहा. हा व्हॉल्व्ह मागची बाजू किती दबली आहे यावरून माल किती आहे ते ओळखतो. मागची बाजू कायमची खाली आणली की त्याला गाडी सतत भरलेली वाटते, तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. दांडीची लांबी किंवा तिचा कंस तितक्याच मापाने सरकवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

शंभर मैल चालवल्यावर यू-बोल्ट, हँगर आणि नॉचचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि पाचशे मैलांनी आणखी एकदा. प्रत्येक नटावर रंगाची एक उभी रेघ बोल्टपर्यंत ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे.